रेकॉर्डात न आलेलं कडवं

चांगली बिडी कोणती आणि छाट कोणती, हे कारखान्याचा चेकर ठरवायचा. माय दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. संध्याकाळी मी तिच्यासोबत टोपली घेऊन जायची आणि चेकर मुठी भरभरून बिड्या बाजूला काढायचा. तेंदूचा पत्ता फाटला, छाट. तोंड नीट मोडलं नाही, छाट. कधी त्याचं घरी भांडण झालेलं असलं तरी छाट. छाटीची मजुरी मिळायची नाही, आणि ती बिडी परतही मिळायची नाही.

घरी येताना माय म्हणायची, "छाट म्हनते, पन फेकते काय कुठी? मी रोज पाहून राह्यली. कचऱ्यात एक बिडी दिसत नाही."

शाळा-कॉलेजात मी पुष्कळ शिकले, पण मायचं हे बोलणं सगळ्यात जास्त कामी आलं. कुणी एखादी गोष्ट टाकून दिली म्हणालं, की ती गेली कुठं हे मी आधी बघते. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत.

बाबा मँगनीजच्या खाणीत होते. त्यांची नखं कायम काळी. पावसाळ्यात काम मंदावलं की आमच्याकडे कनकीची पेज असायची, म्हणजे गिरणीत भात कांडताना जो तांदूळ तुटतो त्याची. आख्ख्या तांदळाचा भात पाहुणा आला तरच. पाहुणे जेवत असताना मी दारात उभी राहून त्यांच्या ताटात काय उरतं ते बघायची, आणि माय डोळ्यांनीच मला आत ढकलायची.

छप्पन साली आमच्या बालाघाटच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि घरातले देव वैनगंगेत सोडून आली. मी इतकी लहान होते की मला वाटलं, देवांना आंघोळीला नेलंय. ते परत का येत नाहीत म्हणून मी बरेच दिवस विचारत होते. तेव्हापासून दुसऱ्यांच्या दारात वाजवायला जाणंही बंद झालं. बाबांची ढोलकी खुंटीला लागली. आपल्या घरचं लग्न, आपली जयंती, एवढ्यालाच ती खाली उतरायची.

गाणं मात्र मायचं होतं. तिचा बाप भंडाऱ्याकडचा, खडी गंमत करणारा शाहीर. उभ्यानं गाणी म्हणायची, सोंगं करायची, लोकांना हसवायचं, असा तो खेळ. त्याचा एक कायदा मायला पाठ होता. गाणं ज्यानं बांधलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात आलं पाहिजे, आणि ते कडवं सुरू होण्याआधी ढोलकीनं दोन जड थापा देऊन एक श्वासभर थांबायचं. त्या थापा ऐकल्या की चिलीम ओढणारा म्हातारासुद्धा कान टवकारायचा, कारण गाणं कोणाचं ते आता कळणार असायचं. आजोबा म्हणायचे, बिगर नावाचं गाणं बेवारशी. आणि दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव घालणारा? त्याला ते चोर म्हणत नसत. त्याचं नावच घेत नसत.

मायनं बिड्या वळता वळता एक गाणं बांधलं होतं, आमच्या छोट्या लाइनच्या गाडीवर. ती गाडी चढावाला इतकी हळू चालायची की माणसं उतरून जंगलातली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचून पुन्हा चढायची.

छोटी गाडी, छोटी गाडी, तिले कायची घाई,
चढावाले उतरून टेंभरं येचून आली बाई.

शेवटचं कडवं सवाल-जवाबाचं होतं. 'बालाघाटच्या ठेसनामांगं बिडी वळते कोन?' असा सवाल, आणि जवाबात मायचं नाव, तिच्या बापाचं गाव. ते नाव मी इथं लिहीत नाही. माय म्हणते, नाव गाण्यात ठेवायचं असते, कागदावर ठेवलं तर उंदीर खाते.

मी सातवी-आठवीत असताना टोलीत एक गृहस्थ आले. पांढरी पँट, जाकीट, तोंडात पान. नागपूरहून आलो, मुंबईच्या एका कंपनीसाठी गाणारी माणसं शोधतो, म्हणाले. बायका त्यांना रेकॉर्डवाले साहेब म्हणू लागल्या. अंगणात बसून त्यांनी मायचं गाणं ऐकलं, हसले, मांडीवर ताल धरला. मग म्हणाले, "बाई, ही प्लेट गाजणार. नागपूरला या. जाण्यायेण्याचं माझ्याकडं."

टोलीत एक वयस्कर माणूस होता, सगळे त्याला मोठे बाबा म्हणत. तो बाबांवर उखडला. "काहून गा, आपून वाजवनं सोडलं थे कायच्यासाठी? पुन्हा लोकायच्या दारात जातं?"

माय म्हणाली, "दारात नाही जात मोठेबा. रेकॉटाच्या पेटीत जातो."

"पेटीत गेलेलं वापस नाही येत, बाई."

"तुमचं पेन्शन येते ना पोस्टाच्या पेटीतून?"

सगळे हसले, पण मोठे बाबा हसले नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही नाही. त्या साहेबाने आमच्याकडचा चहा पुन्हा पुन्हा मागून घेतला होता, आणि तो इतका गोड बोलत होता की मला चेकरची आठवण येत होती. चेकरही ज्या दिवशी जास्त छाट काढायचा त्या दिवशी गोड बोलायचा.

छोट्या लाइनने गोंदियाला, तिथून मोठ्या गाडीने नागपूरला. मलाही नेलं. गाणं भरायची खोली म्हणजे एका घराचा वरचा मजला. भिंतींना गोधड्या लटकवलेल्या, पंखा बंद, खिडक्या बंद. घाम गळत होता. साहेबांच्या हातात घड्याळ होतं.

"बाई, एका बाजूला तीन मिनिटं बसतात. तुमचं सुरुवातीचं वंदन काढून टाका."

"वंदन नाही काढत," माय म्हणाली. "आजवर बिगर वंदनानं तोंड नाही उघडलं."

"बरं. मग म्हणा तसंच."

एवढंच ते बोलले. वंदन ठेवलं तर शेवटी काय पडेल, हे बोलले नाहीत. मायला घड्याळाचं गणित ठाऊक नव्हतं. तिच्या बापाच्या गंमतीत गाणं संपायचं तेव्हा संपायचं. लाल दिवा लागला. वंदन झालं, गाडी निघाली, चढाव आला, टेंभरं आली. बाबांनी शेवटच्या कडव्याच्या दोन थापा दिल्या, मायने श्वास घेतला, आणि साहेबांनी हात वर केला. दिवा विझला.

"फर्स्टक्लास!"

"पन अजून नाव राह्यलं," माय म्हणाली.

"नाव आम्ही लिहितो बाई. तुम्ही कशाला काळजी करता?"

ठरलेले पैसे त्यांनी रोख दिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. ती प्रथम पाहिली ती बाजारातल्या भोंगेवाल्याच्या दुकानात. मीच वाचून दाखवली. मधल्या गोल कागदावर होतं 'लोकगीत', आणि खाली 'बालाघाट पार्टी'.

मायने विचारलं, "पार्टी म्हंजे मी का?"

बाबा म्हणाले, "मी बी असन त्यात."

गाणं मात्र पेटलं. मंडईच्या जत्रेत ते, लग्नात ते, सिनेमा सुरू होण्याआधी तेच. बँडवाले वाजवायला लागले. बसमध्ये कंडक्टर म्हणायचे. माय रस्त्याने जाताना भोंग्यातून तिचाच आवाज यायचा आणि बाजूने जाणारी माणसं तिला धक्का देऊन पुढं जायची.

पुढच्याच लग्नसराईत कटंगीला नात्यातलं लग्न होतं. जेवणं झाल्यावर बायकांनी मायला आग्रह केला. बाबांनी ढोलकी घेतली आणि तिने गाणं म्हटलं, नावाच्या कडव्यासकट. नवरदेवाचा मामा समोर बसला होता. तोही एकेकाळी खडी गंमत करायचा, आणि त्या भागात गाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

"आवाज चांगला हाय बाई," तो म्हणाला, "पन मांगचं कडवं काहून जोडलं?"

"जोडलं नाही भाऊ. माह्यंच हाय."

"रेकॉटात तं नाही थे. आमी हजार खेप आयकलं. दुसऱ्याच्या गान्याले आपलं नाव चिकटवता, आन् थे बी शाहिराची लेक होऊन?"

एक बाई पदराआड हसली. बाबांनी ढोलकी खाली ठेवली. परतीच्या बसमध्ये माय खिडकीबाहेर बघत बसली. शेतं कापून झाली होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर ती गायची थांबली. बिड्या वळताना शेजारच्या बाया चिडवायच्या, "म्हन ना वं रेकॉटवाली, आता कोनाचं चोरतं?" माय दोऱ्याची गाठ दातांनी तोडायची आणि पुढची बिडी घ्यायची. आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कनकीच्या दिवसांतही ती गायची.

माझ्या डोक्यात एकच: कडवं टाकलं म्हणतात, पण गेलं कुठं?

मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. आमच्या टोलीतून कॉलेजात जाणारी मी पहिली, मुलांतही आणि मुलींतही. मोठे बाबा म्हणाले, "शिक बाई, पन कोनाच्या पेटीत जाऊ नको." जाता-येता मी त्या भोंगेवाल्याच्या दुकानात थांबायची. रेकॉर्डींवरचे गोल कागद वाचायची. शिंप्याच्या मशीनवरचं एक गाणं होतं, गाजलेलं. राइस मिलवरचं एक होतं, तेही गाजलेलं. बांगड्यांवरचं एक. प्रत्येकावर 'लोकगीत' आणि कुठल्यातरी गावाची 'पार्टी'. त्या पार्टीची दुसरी रेकॉर्ड नाही.

भोंगेवाला हिंदी बोलणारा, हुशार माणूस. तो म्हणाला, "अरे बेटी, ये सब एक ही आदमी के लोग हैं. जाकीटवाला. हर गाँव से एक लाता है. एक-एक प्लेट के राजा. दूसरी प्लेट किसी की नहीं आती."

"क्यों नहीं आती?"

"वो तो वही जाने. मुझे तो बस बजाना है."

राइस मिलच्या रेकॉर्डवर 'तुमसर पार्टी' होतं, म्हणून तुमसरला मी बाबांना घेऊन गेले. राइस मिलचं गाणं म्हणणारा तिथंच एका मिलमध्ये पोती वाहत होता. डोक्यावर कोंडा, भुवया पांढऱ्या. मी विचारलं, तुमच्या गाण्यात शेवटी नाव होतं का?

तो बाबांकडे बघून म्हणाला, "होतं ना गा. मांगच राह्यलं. लाल बत्ती बुजली."

"पुन्हा बोलावलं नाही?"

"मी दोन खेप गेलतो. साहेब नाही म्हने. आतून पान थुकायचा आवाज येत होता."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी नागपूरला जाऊन त्या साहेबांना गाठलं. बाबा सोबत होते. तीच माडी, त्याच गोधड्या, फक्त आता साहेबांचे केस पिकलेले. त्यांनी आम्हाला ओळखलं, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"माझ्या आईचं कडवं तुम्ही का कापलं?"

"कापलं?" ते खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "बाई, मी कात्री लावत नाही. प्लेट तीन मिनिटांची. तुमची माणसं आधी वंदन करतात, मग सूर लावतात, मग गोष्ट सांगतात, आणि नाव ठेवतात सगळ्यात मागं. मी काय प्लेट ताणू?"

"तुम्हाला माहीत होतं शेवटी काय राहणार ते."

"वंदन काढा म्हणालो होतो की नाही? विचारा यांना."

बाबांनी मान हलवली. साहेब तसं म्हणाले होते, हे खरं होतं.

"मग दुसऱ्यांदा कुणालाच का बोलावलं नाही? दुसऱ्यांदा त्यांनी नाव आधी घेतलं असतं."

साहेब हसले. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. "दुसऱ्यांदा येणारा माणूस शहाणा होऊन येतो, बाई. नाव नसलेलं गाणं सगळ्यांचं असतं. ते कुणीही वाजवतं, कुणीही म्हणतं, कंपनीला कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्या आईचं गाणं गाजलं का? गाजलं. मग?"

तेव्हा मला चेकरचा हात दिसला, मुठी भरभरून बाजूला काढणारा. पण हे सिद्ध कसं करणार? तो माणूस खोटं काही बोलत नव्हता. फक्त खरं अर्धं बोलत होता, तेही आम्ही विचारल्यावर.

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. आपण कात्री लावली नाही हे दाखवायला त्यांनी कपाटातून मायची रेकॉर्ड काढली. "ऐका. कुठं कापल्याचा आवाज येतो का सांगा."

आमच्या घरी कधी मशीन नव्हती. आम्ही ती रेकॉर्ड फक्त भोंग्यावर ऐकली होती, गर्दीत, आणि भोंगेवाले शेवटची ओळ संपली की लगेच सुई उचलून पुढची लावत. त्या दिवशी प्रथमच ती शांत खोलीत अगदी शेवटपर्यंत वाजली. गाडी निघाली, चढाव आला, टेंभरं आली. मग, अगदी टोकाला, दोन जड थापा. आणि मायने घेतलेला श्वास. मग खरखर.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या हाताकडे पाहत होते.

साहेब म्हणाले, "ऐकलंत? काही कापलेलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "ही रेकॉर्ड मला द्या."

त्यांनी दिली. त्यांच्याकडे ढीग होता. त्या दोन थापा त्यांना नुसत्या थापा वाटत होत्या.

जिन्यात बाबा म्हणाले, "साहेबाचा हात उठला थे मी पाह्यलं होतं. पन ढोलकीवर हात आधीच पडून गेलता माहा."

मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मले नाही पाह्यजे कोनाचा न्याय. राहू दे." कटंगीच्या त्याच घरी धाकट्याचं लग्न निघालं, तेव्हाही ती येईना. नात्यात वाईट दिसेल म्हणून आली, आणि बायकांत मागं जाऊन बसली. रेकॉर्ड माझ्या पिशवीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

दुपारची वेळ. वंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठत होत्या. मी मांडवातल्या, कटंगीच्या भोंगेवाल्याकडे गेले, रेकॉर्ड दिली आणि सांगितलं, "सुई मी उचलीन. तुम्ही हात लावायचा नाही."

"मशीन बिघाडशील बाई."

"बिघडली तर मी आहे."

गाणं सुरू झालं. पोरं नाचायला लागली. मामा खाटेवर बसून सुपारी कातरत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मामाजी, तुम्ही हे हजार खेप ऐकलं म्हणता. आज शेवट ऐका. पोरं हो, जरा थांबा."

मामाने भुवया उंचावल्या. "तू थ्याच बाईची पोरगी ना? कॉलेजवाली?"

"हौ. ऐका."

गाणं टोकाला आलं. कोणी सुई उचलली नाही. भोंग्यातून दोन थापा पडल्या, मांडवभर. खडी गंमत पाहिलेली जितकी म्हातारी माणसं तिथं होती, त्यांनी माना वळवल्या. मामाच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. नावाची थाप होती ती. त्यानंतर दुसरं काही येतच नाही.

भोंग्यात श्वास ऐकू आला आणि खरखर सुरू झाली.

त्या खरखरीतून मायचा आवाज निघाला. मागून, बायकांच्या घोळक्यातून. मी तिला खूण केली नव्हती, कुणीच केली नव्हती. थापा पडल्या की पुढचं म्हणायचं, हे तिच्या बापाने तिला शिकवलं होतं आणि तिने ते आता केलं. तोच सूर, तोच आवाज, थोडा जाडावलेला. 'बालाघाटच्या ठेसनामांगं बिडी वळते कोन?' बाबांनी कुणाची तरी ढोलकी ओढून घेतली. माय उभी राहिली होती. जवाबात तिने आपलं नाव घेतलं, बापाचं गाव घेतलं, आणि बसली.

मामाने अडकित्ता मिटून खाटेवर ठेवला. मग त्याने बाबांना विचारलं, "रेकॉटातली थाप तुमची का गा?"

"माहीच."

"हं." त्याने सुपारीची खांडं हातावर घेतली, उठला, बायकांकडे गेला आणि मायपुढे हात धरला. "घ्या बाई. कडवं तुमचं. गानं तुमचं. मी गलत बोललो होतो, आन् सगळ्यायसमोर बोललो होतो. म्हनून सगळ्यायसमोर सांगून राह्यलो."

मायने सुपारी घेतली. "दोरा तोडू तोडू दात झिजले माहे," ती म्हणाली, आणि पदराला बांधून टाकली.

साहेबांवरचा माझा संशय गेला नाही. कात्री लावली नाही हे मी मान्य करते. पण ज्याच्या हातात घड्याळ होतं त्याने वेळ सांगायला हवी होती.

त्या वर्षी मी बी.ए. पास झाले, आमच्या टोलीतून पहिली. आणि त्या लग्नापासून कटंगी, तुमसर, बालाघाट या भागात ती रेकॉर्ड लागली की भोंगेवाले सुई उचलत नाहीत. थापा पडेपर्यंत थांबतात, आणि मांडवातलं कोणीतरी शेवटचं कडवं म्हणतं. त्यात मायचं नाव असतं.